विहिरीवरच्या फोटोतली तिसरी बाई: घरातले जुने फोटो, कॅसेटी आणि तुमचे अनुभव

मागच्या महिन्यात गावचं घर आवरताना आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत काळ्यापांढऱ्या फोटोंची चळत. चौकोनी, सव्वादोन इंचांचे, कडेला पांढरी किनार. आजोबांकडे आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्यात १२० चा रोल घातला की बाराच फोटो निघायचे, त्यामुळे प्रत्येक फोटोत माणसं नीट तयार होऊन, श्वास रोखून उभी आहेत.

एका फोटोत विहिरीच्या काठावर तीन बायका. मधली माझी आजी, डावीकडे आत्या. उजवीकडची कोण? नऊवारी, डोक्यावर पदर, कडेवर वर्षाचं मूल, गळ्यात ठुशी. मागे काहीच लिहिलेलं नाही. आईला माहीत असणार, पण आईला जाऊन तीन वर्षं झाली. ही ट्रंक तिच्याच खोलीत होती, तिच्या पलंगाखाली. एका दुपारी डबा घेऊन तिच्याशेजारी बसले असते, तर आज ती बाई अनोळखी राहिली नसती. हे मला फार लागून राहिलंय.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात काय जपलंय, काय हातातून गेलं, काय वाचवता आलं आणि कसं, ते सविस्तर लिहा.

सांगली

ताई, आमचे फोटो पाण्यात गेले होते. २००५ च्या पुरात पाणी आमच्या पायरीपाशी थांबलं होतं, त्या हिशेबाने ऑगस्ट २०१९ मध्ये अल्बम कपाटाच्या वरच्या खणात ठेवून आम्ही बाहेर पडलो. पाणी त्याच्याही वर चढलं. परत आलो तेव्हा सगळे अल्बम चिखलाच्या विटांसारखे झाले होते.

माझ्या मावसभावाचा फोटोग्राफीचा स्टुडिओ आहे. तो फोनवर पहिलं वाक्य हे बोलला, "ताई, काही वाळवू नका. एकमेकांना चिकटून वाळले की संपलं." मग परातीत गार स्वच्छ पाणी घेऊन अल्बमचं एकेक पान त्यात सोडत गेलो. फोटो आपोआप सुटेपर्यंत वाट बघायची, ओढायचा नाही, चित्रावर बोट लावायचं नाही. सुटला की दुसऱ्या परातीत धुवायचा आणि जुन्या धोतरावर, चित्र वर करून, सावलीत पसरायचा. पहिल्या दिवशी मी काही फोटो उन्हात टाकले, ते विड्याच्या पानासारखे वळले. एका दिवसात सगळे होईनात, तेव्हा उरलेले ओलेच प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून मिरजेला नणंदेच्या फ्रीजरमध्ये ठेवले आणि पुढच्या पंधरवड्यात थोडे थोडे काढून धुतले.

सासऱ्यांच्या काळातले काळेपांढरे बरेच वाचले. रंगीत फोटोंचे कोपरे पिवळेलाल होऊन गेले. घरच्या प्रिंटरवर काढलेले तर नुसते कोरे कागद उरले, शाई पाण्याबरोबर गेली. निगेटिव्हच्या पट्ट्या मात्र धुतल्यावर चांगल्या निघाल्या. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, निगेटिव्ह टाकू नका.

सासू-सासऱ्यांचा लग्नाचा फोटो फ्रेममध्ये होता, तो काचेला चिकटला होता. घाईने काढायला गेले आणि सासूबाईंचा चेहरा काचेबरोबर आला. काच न काढता आधी वरूनच त्याचा फोटो घ्यायला हवा होता. आता फ्रेम करताना काच आणि फोटोमध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून घेते, म्हणजे काच चित्राला टेकत नाही.

पौड, ता. मुळशी

माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ होत्या. १९९१ साली काकांनी मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला आणि साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर तिला गायला लावलं. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे दात मोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. पुढे कुणीतरी दुसऱ्या बाजूवर सिनेमाची गाणी भरली. अर्धी आजी पुसली गेली.

उरलेली बाजू मी दोन वर्षांपूर्वी हाती घेतली. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. तशीच लावली असती तर टेपही गेली असती आणि मशीनचं हेडही खराब झालं असतं. पुण्यात जुने कॅसेट डेक दुरुस्त करणारे एक काका भेटले. त्यांनी कॅसेटचे स्क्रू काढून दोन्ही रिळं चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली, टेप हलक्या हाताने पुसली. मग डेकची वायर कॉम्प्युटरला जोडून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेतलं. अर्ध्या तासाच्या ओव्या उतरायला अर्धाच तास लागतो, त्यात घाई करता येत नाही. मूळ फाइल वॅव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता ठेवली, नातेवाइकांना आकाराने लहान एमपीथ्री पाठवली.

तिसऱ्या ओवीनंतर जात्याची घरघर थांबते आणि आजी म्हणते, "अगं, दूध बघ, उतू जाईल." मग भांड्याचा आवाज, आईचं "बघते", आणि पुन्हा जातं सुरू. ओव्या ऐकताना आम्ही सगळे शांत होतो. त्या दुधाच्या वाक्याला आई रडली. काकांनी खरं तर ते कापून टाक म्हटलं होतं. मी एक सेकंदही कापला नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आमच्याच भागापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्यातल्या बऱ्याच 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. गाणारणीचं नाव आणि गाव ओवीबरोबर नोंदलेलं आहे. तेव्हापासून मीही फाइलच्या नावात आजीचं नाव, गाव आणि साल लिहिलं.

न्यू जर्सी

आमचं लग्न पुण्यात १९९४ ला झालं. इकडे येताना व्हिडिओ कॅसेट बॅगेत घालून आणली आणि इथल्या व्हीसीआरवर चित्र नुसतं लोळत राहिलं. व्हिडिओची पद्धत भारतात पाल, अमेरिकेत एनटीएससी, दोन्हींच्या रेघा आणि फ्रेम वेगळ्या. मग ती कॅसेट कपाटात पडून राहिली. मध्यंतरी पुण्यात बाबा गेले. त्यानंतर एका दुकानातून ती डिजिटल करून घेतली.

विधींचं शूटिंग मी पळवत पुढे नेलं. पंगतीपाशी थांबले. बँडच्या आवाजाखाली बाबा कुणाला तरी म्हणताहेत, "एक जिलबी, माझ्यासाठी." एवढाच त्यांचा आवाज माझ्याकडे आहे. तुमचे आईवडील असतील तर आज फोनवर बोलताना रेकॉर्ड करा, त्यांना सांगून करा. विषय कुठलाही चालेल, भाजीचा भावसुद्धा.

नाशिक

आमची गोष्ट अगदी अलीकडची. मुलाचे पहिल्या दोन वर्षांचे फोटो फोनमध्ये होते, फोन रिक्षात राहिला. जे मिळाले ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेले, म्हणजे आकाराने बारीक झालेले. मोठे करायला गेलं की चेहरा फुटतो. आता महत्त्वाचा फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवतो आणि दर दिवाळीला हार्ड डिस्कवर घेतो.

लातूर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात माझं माहेर गेलं. आई, धाकटा भाऊ आणि घर, सगळं एकदम. आईचा फोटो कुठेच नव्हता. एकच सापडला, तोही माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये. आई पंगतीत वाढते आहे, अर्धा चेहरा दिसतो, हातात वरणाचं पातेलं. तो मोठा करून घेतला. आता आमच्याकडचा प्रत्येक जुना फोटो तीन गावांत तीन बहिणींकडे आहे.

धागाकर्ती

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनातून लिहिलंत, मी रोज रात्री वाचते आहे. पौडच्या ताई, ते दुधाचं वाक्य डोक्यातून जात नाही.

तो फोटो घेऊन मी गेल्या रविवारी कराडला चुलत आजीकडे गेले. वय ८९, दिसतं कमी, म्हणून स्कॅन करून वहीच्या पानाएवढा छापून नेला होता. फोन मधे रेकॉर्डिंगला ठेवला, त्यांना विचारूनच. त्यांनी कागद खिडकीकडे धरला. बाई कोण, ते त्यांनाही आठवेना. मग गळ्याकडे बोट नेलं. "ही ठुशी तुझ्या आजीची. मधला मणी चेपलेला, बघ. ती कुणाला हात लावू द्यायची नाही हिला. फोटोपुरती दिली असणार."

मी पुन्हा बघितलं. आजीचा गळा रिकामा आहे. इतके दिवस मी तिसऱ्या बाईकडेच बघत होते.

घरी येऊन फोटोच्या मागे हलक्या हाताने, मऊ पेन्सिलने लिहिलं. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. लिहिलं ते असं: "गावच्या विहिरीवर. डावीकडून आत्या, आजी, आणि आजीची ठुशी घातलेली तिची जवळची कुणीतरी. कडेवर मूल. नाव शोधते आहे."