घेतली तेव्हापासून सोबत असलेली वस्तू (अनुभव धागा)

पाऊलखूण
काल माळा आवरत होते. जुना रेनकोट उलगडला तर हाताला चिकट लागला, आणि आतला थर पापुद्र्यांसारखा सुटून बाहीवर आला. जेमतेम पंधरा-वीस वेळा घातला असेल. त्याच बोचक्याच्या तळाशी बाबांचा चाकू निघाला. लाकडी मुठीचा ओपिनेल, मानेशी फिरणारी, पातं अडवून धरणारी पोलादी कडी असलेला. हे चाकू १८९० पासून बनतात आणि ती कडी १९५५ मध्ये आली, हे मला बाबांनीच कधीतरी चालता चालता सांगितलेलं.

पाण्याने लाकूड फुगलं की पातं मुठीत अडकून बसायचं. मग बाबा मुठीचं मागचं टोक दगडावर हलकेच आपटायचे, पातं किंचित वर यायचं, की नखाने ओढून बाहेर. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. काल मी फरशीवर तसंच आपटून बघितलं. उघडला. धार लावून लावून पातं पूर्वीच्या निम्मंच उरलंय, पण कडी तशीच घट्ट बसते.

बाबा कोणतीही सॅक घेताना आधी उलटी करायचे. बाहेरून सगळ्याच छान दिसतात म्हणायचे. पट्टा जिथे जोडलाय तिथे टाके दाट आणि एकमेकांवर घातलेत का, कापडाच्या कडा पट्टीने झाकल्यात का, का नुसते दोरे लोंबताहेत. दहा मिनिटं तेच. मला तेव्हा कंटाळा यायचा. आता मी सुद्धा तेच करते.

तर तुमच्याकडे असं काय आहे? खिशात, पाठीवर, पायात? काय टिकलं, कशाने ऐन वेळी दगा दिला? किमती नका लिहू, त्या बदलतात. वस्तूबद्दल लिहा.

रानवाट
बूट. लिहायलाच हवं म्हणून कामातून उठून लिहितोय. आठ वर्षं जुने, मोजून चार वेळा घातलेले, एकदम नव्यासारखे. उतरताना डाव्याचा तळ टाचेपासून उघडला, अर्ध्या तासाने उजव्याचा. दोरीने बांधून सहा तास चाललो. आधी वाटलं डिंक गेला असेल. डिंक नव्हता, तळ आणि वरचा भाग यांच्यामधला थर हाताने चुरगळत होता, ओल्या बिस्किटासारखा.

तो थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी तुटत जाते. वापरात असला तर बरा राहतो, खोक्यात बंद ठेवला तर आतल्या आत मरतो. म्हणजे जपून ठेवलेला बूट आधी जातो! ईव्हीए या हलक्या फोमचा मधला थर असा भुगा होत नाही, तो दबून सपाट होतो, पण निदान पायात राहतो. आता निघायच्या आठवडाभर आधी बूट काढून तळ दोन्ही हातांनी वाकवून बघतो. मऊ भेग दिसली की तो बूट घरीच.

दुपारसावली
अगदी अगदी!! माझेही. दोन्ही. वाटेत. दुसऱ्या दिवशी पाय कापसाचे झाले होते

कडीकोयंडा
रानवाट, मोठ्या प्रवासाला जुने बूट नेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रतिसाद वाचावा. तळांवरून आठवलं, व्हिब्रम कंपनीचा तळ निघाला तोच एका दुःखातून. १९३५ मध्ये आल्प्समध्ये विताले ब्रमानी यांचे सहा सोबती गेले, पायातली पादत्राणं त्या हवेला पुरी पडली नाहीत. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी खोल खाचांचा रबरी तळ आणला. १९५४ मध्ये के-२ शिखरावर पहिल्यांदा माणसं पोचली तीही त्याच तळांवर. तळाला पिवळा अष्टकोन दिसला की मला हेच आठवतं.

मी स्वतः तळ बदलून मिळेल असाच बूट घेतो. वरचं चामडं एकच, खालचे तळ आत्तापर्यंत तीन.

मिठू_मावशी
झिपबद्दल कोणी बोललंच नाही अजून?? सॅक मरते ती झिपने. कापड शाबूत, पट्टे शाबूत, आणि झिप मागून उघडी. सगळ्यांना वाटतं दात गेले. दात क्वचित जातात, झिजतो तो सरकणारा तुकडा. त्याच्या दोन बाजू पकडीने अगदी हलक्या दाबल्या, पुढून नाही, मागच्या टोकाला, की पुन्हा दात धरायला लागतो. मी अशा पाच तरी सॅक वाचवल्या असतील, भाचरांच्या धरून. जोर लावलात तर मात्र तो तुकडा तुटतो, तेव्हा एकेक चिमूट दाबा.

आणि वाळू! समुद्रावरून आलं की झिप साध्या पाण्याने धुवा, जुन्या टूथब्रशने. अडत असेल तर पेन्सिलीचं शिसं घासा नाहीतर मेणबत्ती.

पाऊलखूण
मावशी, हे सोनं आहे. वायकेके (झिप बनवणारी जपानी कंपनी) लिहिलेली झिप बघून घ्यावी असं सगळे सांगतात, तेवढं पुरतं का?

मिठू_मावशी
अगं ती चांगलीच असते, १९३४ पासून तेच काम करताहेत. पण आकडा पण बघ. सरकत्या तुकड्याच्या मागे बारीक ५, ८, १० असं असतं. बंद झिपेच्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. मोठ्या सॅकच्या मुख्य तोंडाला ५ दिसली तर मी ठेवून देते परत. कितीही मोठं नाव असो. ओढ सगळी तिथेच येते

निळीशाई
माझी वस्तू थर्मास. डोंगरावर कधीच नेला नाही. आई दवाखान्यात एकोणीस दिवस होती. रात्री दोनला उठून तिला कोमट पाणी लागायचं, घोटभरच. पॅन्ट्री बंद, लिफ्ट बंद. संध्याकाळी भरलेलं पाणी पहाटेपर्यंत कोमट असायचं. एवढंच. आई आता आमच्यात नाही. थर्मासला दोन पोचे आहेत, झाकणाची रबरी कडी दोनदा बदलली, बाकी तसाच.

घेताना एकच बघा, ती रबरी कडी सुटी मिळते का. वास धरतो तो तिथेच, गळतो तोही तिथेच. आणि आतून पोचा आला तर संपलं, दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली की बाहेरून गरम लागायला लागतो.

पाऊलखूण
निळीशाई... 🙏

दुपारसावली
ताई, वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही असाच एक आहे. झाकण लावून ठेवू नका वापरात नसताना, उघडाच ठेवा, वास येत नाही

कडीकोयंडा
निळीशाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या पोकळीची युक्ती जेम्स ड्यूअर यांची, १८९२ ची. द्रवरूप वायू थंड राहावेत म्हणून प्रयोगशाळेसाठी केलेली. त्यांनी पेटंट घेतलं नाही. ती अशी एका आईच्या उशाशी पोचली.

टेंभा
टॉर्च!!! माझा विषय. पटपट लिहितो, कुकर लावलाय.
साधे अल्कलाइन सेल आत ठेवून टॉर्च कपाटात टाकू नका. ते फुटतात, पांढरी साय येते, स्प्रिंग खाऊन टाकते. आली असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात कापूस बुडवून पुसा (ती साय अल्कली असते), मग कोरडं करा, डोळे सांभाळा.
डोक्यावर लावायची टॉर्च घ्या, हात मोकळे राहतात. लाल दिवा हवा. तंबूत दुसऱ्याचे डोळे दिपत नाहीत आणि तुमची अंधाराला सरावलेली नजरही जात नाही.
खोक्यावरचे ल्युमेन (उजेडाचं माप) बघून भुलू नका. तो आकडा सुरुवातीचा असतो. मला मधल्या पायरीवर किती तास चालते ते हवं असतं.
आणि बटण! सॅकमध्ये दाबलं जाऊन रात्री टॉर्च मेलेली मिळणं यासारखं वाईट नाही. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बहुतेक धातूच्या टॉर्चमध्ये सर्किट तुटतं. डोक्यावरच्या टॉर्चला लॉक आहे का ते घेताना विचारा.

टेंभा
शिट्ट्या झाल्या, आलो. राहिलंच, टॉर्च पाणी किती सोसते ते आयपीएक्सच्या आकड्यावर कळतं. आयपीएक्स४ म्हणजे पाऊस चालेल, बुडवणं नाही. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

रानवाट
टेंभा, लाल दिव्याला १०० टक्के अनुमोदन.

घडीचा_चाकू
विषय माझ्या नावाचा निघाला आणि मी उशिरा पोचलो. व्हिक्टोरिनॉक्सचा छोटा, कात्री असलेला, बावीस वर्षं किल्ल्यांच्या जुडग्याला. त्या कंपनीचा मूळ अधिकाऱ्यांचा चाकू १२ जून १८९७ ला नोंदवला गेला. बावीस वर्षांत पातं फार तर शंभरदा वापरलं असेल, कात्री रोज. लोक पाती मोजून घेतात. आपण दिवसभरात काय कापतो, काय उघडतो ते आठवून घ्या. दोरा, नख, पाकीट. बस.

पोलादाबद्दल एवढंच: गंजत नाही ते पोलाद विसराळू माणसाला बरं, कार्बन पोलादाला धार सुरेख आणि पटकन लागते पण पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं. पाऊलखूण, बाबांचा जुना आहे म्हणजे कार्बनचा असणार. काळपट डाग पडलेत ना? ते घासून काढू नका. तो थरच तांबड्या गंजापासून थोडा वाचवतो.

पाऊलखूण
हो! राखाडी-निळसर डाग आहेत. बरं झालं सांगितलंत, आज घासायलाच बसणार होते.

दुपारसावली
माझा विमानतळावर गेला. हातातल्या बॅगेत राहिला. लग्नात भावाने दिलेला होता 😢

घडीचा_चाकू
अरेरे. निघायच्या आदल्या रात्री किल्ल्यांमधून काढून सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकायचा, अशी सवयच लावून घ्या.

सातूचे_पीठ
पेन कोणी लिहिलं नाही म्हणून. पावसात काम असतं माझं, मोजणीचं. अवकाशात चालणारं फिशरचं पेन वापरते, आत दाबाखाली वायू असतो, उलटं धरून ओल्या कागदावर सुद्धा उमटतं.

रानवाट
आणि रशियन लोकांनी पेन्सिल वापरली 😀

सातूचे_पीठ
नाही हो, अमेरिकेने पेनावर लाखो डॉलर उधळले आणि रशियाने पेन्सिलीवर भागवलं ही गोष्ट खरी नाही. पेन्सिली दोघंही वापरत होते. शिशाचे तुकडे उडून यंत्रात जायची भीती दोघांनाही. पेन फिशरने स्वतःच्या खर्चाने केलं, १९६८ ला अपोलो ७ मधून गेलं, आणि १९६९ मध्ये सोव्हिएत लोकांनीही विकत घेतलं.

रानवाट
हे माहीत नव्हतं! इतकी वर्षं सांगत आलो. दुरुस्ती मनापासून मान्य.

ओलेती
पाऊलखूण तुमच्या रेनकोटबद्दल. तो वाचणार नाही. आतला लेपही पॉलियुरेथेनचाच, रानवाट यांच्या बुटासारखाच ओलाव्याने गेला. चिकट झाला की परत नाही.
पण ज्यांचा नुसता बाहेरून पाणी पितोय त्यांनी फेकू नका! बाहेरच्या कापडावर पाणी घसरवणारा लेप असतो, तो मळाने आणि घामाने झोपतो. कापड ओलं झालं की आतली वाफ बाहेर जात नाही, घाम साचतो, आणि आपल्याला वाटतं गळतोय. सौम्य साबणाने धुवा, सॉफ्टनर अजिबात नको, मग लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णता द्या. थेंब परत गोल होऊन घरंगळताना बघून मी ओरडले होते आनंदाने. तरीही नाही झालं तर फवारा मिळतो.
आणि ओला घडी करून ठेवू नका हो. कोणताच. माझ्या नवऱ्याला अकरा वर्षं सांगतेय.

पाठीचा_कणा
सॅक लिटरवर घेऊ नका, पाठीच्या लांबीवर घ्या. मान पुढे झुकवल्यावर जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेपने मोजा. मी उंच, पण पाठ आखूड. वर्षानुवर्षं मोठ्या मापाची घेतली आणि खांद्यांना दोष दिला. दुकानात रिकामी घालून आरशात बघण्यात अर्थ नाही. दहा किलो भरायला सांगा, कमरेचा पट्टा आधी आवळा, मग खांद्याचे, आणि जिना चढा-उतरा. वजन कमरेवर बसलं पाहिजे, खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. माझ्यासारखी मणक्याची तक्रार असेल त्यांनी तर हे कराच.

टेंभा
पॉवर बँक घेणाऱ्यांसाठी घाईत: २०००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास. विमानात १०० पर्यंत सहसा चालतं, हातातल्या बॅगेतच. फुगलेली दिसली तर वापरू नका, भोसकू नका.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. मिठू मावशी, सॅकची झिप तुम्ही सांगितल्यासारखी दाबली. चालली!

मिठू_मावशी
शाब्बास. आता मेण लाव.

दुपारसावली
रानवाट, ती बूट बांधलेली दोरी किती मीटर होती? आता नेहमी ठेवणार

रानवाट
पाच मीटर, पॅराकॉर्ड (पॅराशूटची नायलॉन दोरी). आत सात बारीक दोऱ्या असतात, त्यातली एक ओढून काढली की शिवायला पण होते. पायाला आठ आकड्यासारखी गुंडाळा, गाठ वरच्या बाजूला, तळाखाली नको, घासून तुटते. उजव्याला तीनदा तुटली तेव्हा कळलं.