मदत हवी आहे: आजीच्या वहीतले चिरोटे, पदर सुटत नाहीत, कढईत भुगा होतोय

रेवा_धायरी (शनिवार, रात्री ११:४०)
दोन घाणे वाया गेले, तिसरा करायच्या आधी विचारतेय. आजीच्या वहीतून चिरोटे करतेय, वहीत आहे तसंच सगळं केलं. तुपात सोडले की पदर उमलायच्या ऐवजी कडेने सुटायला लागतात, फेस येतो आणि दोन मिनिटांत कढईच्या तळाशी भुगा. जे हाती लागतात ते चपटे, बिस्किटासारखे. मंगळवारी वसुबारस, आईकडे डबा न्यायचाय. आजी गेल्यापासून आमच्यात कुणी चिरोटे केलेलेच नाहीत. काय चुकतंय ते लवकर सांगा. व्हिडिओच्या लिंक नकोत, चार बघून झाले.

सुलभाकाकू (शनिवार, रात्री ११:५८)
अगं, वहीत काय आहे ते लिहिलंच नाहीस. मैदा किती, मोहन म्हणजे पिठात घालायचं गरम तूप किती, पोळ्यांमध्ये लावायचा साटा कशाचा, तळलेस कशात?

मनाली_क (रविवार, सकाळी ७:१०)
तांदळाची पिठी वापरली असेल तर तिथेच घोळ आहे. कॉर्नफ्लोअर घ्या. मी दहा वर्षं कॉर्नफ्लोअरचाच साटा करते, एकदाही फसला नाही. आणि साजूक तुपाऐवजी वनस्पती तूप. पांढरेशुभ्र होतात, पदर मोजून घ्या.

नदीकाठ (रविवार, सकाळी ७:३२)
पदरांचंच काही करायचं असेल तर बिबिंका करून बघा. नारळाचं घट्ट दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, थोडा मैदा, तूप आणि जायफळ. एक थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, त्यावर तूप लावून पुढचा थर. परंपरेने सात थर. २०२३ मध्ये गोव्याच्या बिबिंकाला भौगोलिक मानांकनही मिळालं. लाटायची भानगडच नाही.

सुलभाकाकू (रविवार, सकाळी ७:४०)
वसुबारसेच्या डब्यात अंडं?

रेवा_धायरी (रविवार, सकाळी ८:१५)
बिबिंका नकोय, चिरोटेच हवेत. वहीतलं जसंच्या तसं उतरवते:

"मैदा पावशेर, बारीक रवा मूठभर, मीठ चिमूट. मोहन छटाकाचे निम्मे, कडकडीत. दुधात घट्ट भिजवून दोन तास झाकणे. साट्यास तूप व पिठी बेताने. तीन पोळ्या, एकीवर एक, साटा लावून घट्ट गुंडाळी. तुकडे करून हलके लाटणे. मंद आचेवर तळणे, पळीने वरून तूप सोडणे."

पावशेर म्हणून पाव किलो मैदा घेतला, मोहन अर्धी वाटी तूप. तळायलाही साजूक तूपच. अजून काय सांगायचं राहिलं?

आबा_शनिवार (रविवार, सकाळी ८:५०)
अर्धी वाटी कुठून आली? छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग. ८० तोळ्यांचा शेर धरला तर ९३३ ग्रॅम, म्हणजे पावशेर २३३ ग्रॅम आणि छटाक ५८. त्याचे निम्मे २९ ग्रॅम, तूप वितळवून साधारण दोन मोठे चमचे. पावशेराला पाव किलो चालून गेलं, पण मोहन तुम्ही दुपटीहून जास्त घातलंत. तुमच्या चिरोट्यांचा भुगा तिथेच झाला. मोहन जास्त झालं की पिठाला धरबंद राहत नाही, गरम तुपात ते सुटतंच. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनं आली तरी पुढे कितीतरी वर्षं बायका शेर-छटाकातच बोलत होत्या. माझी आई तर शेवटपर्यंत. शेरही गावोगाव वेगळा असायचा. आजी मूळच्या कुठल्या?

रेवा_धायरी (रविवार, सकाळी ९:०५)
वाईच्या. लग्नानंतर कसबा पेठेत. छटाक म्हणजे वाटीभर असं मी धरून चालले होते. बापरे. मोहन कमी करते. पण मग वरचे चपटे का? त्यांचा भुगा नव्हता झाला.

मनाली_क (रविवार, सकाळी ९:२०)
कारण साटा साजूक तुपाचा. मी तेच सांगतेय. साजूक तूप हाताच्या उबेनेसुद्धा पातळ होतं, वनस्पती घट्ट राहतं.

डॉ_आहार (रविवार, सकाळी ९:४१)
कृपया वनस्पतीचा सल्ला देऊ नका. त्यात ट्रान्स फॅट इतकं असायचं की सरकारला जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. सणाला घरच्यांना ते कशाला खायला घालायचं?

मनाली_क (रविवार, सकाळी ९:५५)
मर्यादा आली म्हणजे आताचं त्या मर्यादेतलं आहे, हे तुम्हीच सांगताय. वर्षातून दोन दिवसांच्या चिरोट्यांसाठी इतकं?

डॉ_आहार (रविवार, सकाळी १०:०३)
दोन दिवस चिरोटे, चार दिवस शंकरपाळे, मग करंज्या. रुग्ण मलाही असंच सांगतात.

आबा_शनिवार (रविवार, सकाळी १०:१५)
अवांतर: डालडा १९३७ साली बाजारात आला. त्याच्या आधीही चिरोट्यांना पदर सुटत होते.

सुलभाकाकू (रविवार, सकाळी १०:३०)
भांडण बाजूला ठेवा, तिचा डबा परवा जायचाय. रेवा, साटा कसा केलास ते तू अजूनही सांगितलं नाहीस. तूप फेटलंस का? आणि तुकडे कोणत्या बाजूने लाटलेस?

रेवा_धायरी (रविवार, सकाळी १०:५०)
तूप फ्रीजमध्ये होतं म्हणून मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलं, त्यात पिठी घालून चमच्याने कालवलं. पिठी गिरणीतली, भाकरीला आणतो तीच. तुकडे आडवे ठेवून पुरीसारखे लाटले. वहीत फेटायचं लिहिलेलं नाही.

सुलभाकाकू (रविवार, सकाळी ११:२०)
लिहिलेलं नाही कारण तिच्या काळी ते लिहायची गरज कुणाला वाटली नसेल. साटा म्हटलं की तूप फेसायचंच.

परातीत थिजलेलं तूप घे, त्यावर बर्फाचं पाणी थोडंथोडं घाल आणि तळहाताने गोल गोल फेस. आधी पिवळट, मग सायीसारखं, मग पांढरंफेक होतं. पाणी निथळून टाक आणि पुन्हा फेस. माझ्या सासूबाई वाटीत पाणी घेऊन त्यात बोटभर साटा सोडायच्या. तरंगला तर झाला, बुडाला तर अजून फेसायचा. तूप हलकं झाल्यावरच पिठी. भाकरीची पिठी जाड लागते, तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळलेली हवी. आज ते जमणार नाही, म्हणून आहे तीच मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ कर.

पातळ तुपाचा साटा पोळीत मुरतो, दोन पोळ्यांमध्ये काही उरतच नाही. त्या एकमेकींना चिकटतात आणि तळताना एकच जाड पुरी होते. तुझे चपटे त्यानेच झाले. उरलेला साटा बाहेर आला, त्याचा फेस.

आणि पुरीसारखं लाटायचं नाही! कापलेली बाजू वर ठेवायची, म्हणजे गोल गोल रेषा दिसतात. तळव्याने दाब, वरून लाटणं जेमतेम एकदा फिरव. जोर दिलास की पदर मिटतात. लांबट हवे असतील तर रेषांच्या दिशेनेच लाट.

आबा_शनिवार (रविवार, दुपारी १२:०५)
पिठीला मुळशीकडचा आंबेमोहोर. वास तळल्यावरही राहतो.

गृहिणी_हडपसर (रविवार, दुपारी १:१५)
दुधात भिजवू नका, पाण्यात भिजवा. दुधाने लवकर लाल होतात आणि टिकत नाहीत. माझे पाण्यातले पंधरा दिवस खुटखुटीत राहतात.

सुलभाकाकू (रविवार, दुपारी १:४०)
टिकतात खरे, पण दुधाचा खुसखुशीतपणा पाण्याला येत नाही. तिच्या आजीने दूध लिहिलंय, दूधच राहू दे.

रेवा_धायरी (रविवार, रात्री ९:३०)
मोहन २९ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. भुगा अजिबात नाही! पण साटा जमत नाहीये. फेसला, पांढरा झाला, तरंगला, आणि पोळीला लावेपर्यंत पुन्हा पातळ. स्वयंपाकघरात गॅस चालू, पंखा बंद, नुसता घाम. बावीसपैकी सहा बरे उमलले. वहीच्या समासात एक ओळ आहे, ती मघाशी लिहिली नव्हती कारण चिरोट्यांशी तिचा काही संबंध वाटला नाही. "साटा पहाटे" एवढंच.

सुलभाकाकू (रविवार, रात्री ९:४४)
तेच तर! तू मधलीच ओळ गाळलीस बाळा. पहाटे गारवा असतो, तूप थिजलेलं राहतं, चूल पेटलेली नसते. पीठ आत्ताच भिजवून फ्रीजमध्ये ठेव, सकाळी तासभर आधी बाहेर काढ. पाचला उठून आधी साटा आणि गुंडाळ्या उरक. गुंडाळ्या ओल्या फडक्यात ठेव. गॅस त्यानंतर.

नदीकाठ (रविवार, रात्री १०:१०)
कुणाला कॅम्पात बिबिंका ताजा मिळतो का ते माहीत आहे?

रेवा_धायरी (सोमवार, सकाळी ८:०५)
जमले.

पावणेपाचला उठले. परात बाल्कनीत नेली, तिथे गार होतं. साटा बोटाने उचलला तर टोक तसंच उभं राहिलं. तुकडे कापताना सुरीखाली पदर वेगळे दिसत होते. पहिला चिरोटा तुपात सोडला, आधी तळाशी बसला, मग वर आला आणि पळीने तूप सोडल्यावर मधला पदर उचलला गेला, मग त्याच्या बाहेरचा, मग एकेक करत सगळे. मी पळी तशीच धरून उभी होते. आजीच्या डब्यातला चिरोटा अगदी असा दिसायचा.

अठरापैकी पंधरा चांगले. आबा, काकू, तुमचे कसे आभार मानू. मनाली, कॉर्नफ्लोअरचेही करून बघेन, पण हे आईला द्यायचे आहेत.

आता एकच. आजी पिठीसाखर भुरभुरायची, पाकातले करायची नाही. ती आत्ता गरम असताना घालू की उद्या आईकडे गेल्यावर?

सुलभाकाकू (सोमवार, सकाळी ८:१२)
आत्ता, पण कढत असताना नको, साखर विरघळून चिकट होतील. तूप निथळू दे, हाताला कोमट लागले की भुरभुरव. डब्यात पूर्ण गार झाल्यावरच भर आणि तळाशी कागद घाल. आणि त्या वहीतलं पान न् पान फोटो काढून ठेव, समासासकट.

मनाली_क (सोमवार, सकाळी ८:३०)
वेलची घालायची विसरू नका साखरेत. फोटो टाका.