लेकरं तर्क कसा लावतात? तुमचे अनुभव लिहा

लेकराचं उत्तर चुकलं की आपण ते लगेच दुरुस्त करतो. पण त्यामागचा विचार ऐकायला हवा, असं मला मनापासून वाटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांच्या चुकलेल्या उत्तरांतूनच त्यांच्या बुद्धीचा माग काढला. खानदेशातल्या घराघरातलं वाचायला आवडेल.

यावल, आई
मुलगा पाच वर्षांचा. सकाळी गल्ली ओली दिसली, म्हणाला पाऊस पडला. मी ‘नाही’ म्हटलं नाही, ‘कशावरून?’ एवढंच विचारलं. त्यानं वर पाहिलं. “पत्रा कोरडा शे. टँकरच उना!” पाऊस असता तर पत्राही भिजला असता, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

धुळे तालुका, अंगणवाडी सेविका
पियाजेंचा पाण्याचा प्रयोग आमच्याकडे करून पाहिला. दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी, मग एकातलं उंच, अरुंद ग्लासात ओतायचं. ‘जास्त पाणी कशात?’ विचारलं की चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. पियाजेंच्या मते, भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, ही समज सातव्या वर्षाच्या आसपास पक्की होते. मात्र विचारण्यानंही फरक पडतो. ओतण्याआधी आणि नंतर तोच प्रश्न विचारला की मुलाला वाटतं, आपलं चुकलं, आणि ते उत्तर बदलतं. १९७४ साली रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी वस्तूंच्या रांगा मांडून फक्त शेवटी एकदाच विचारलं, तेव्हा सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. मीही एकदाच विचारलं, तेही अहिराणीत. एक मुलगी ठामपणे म्हणाली, “पानी तितलंच शे.” घरच्या बोलीत विचारा हो, लेकरं मोकळी होतात.

जळगाव, बाबा
टोपलीत भरताची वांगी पुष्कळ, टमाटे दोन. ‘वांगी जास्त की भाज्या जास्त?’ वांगीही भाज्याच, पण सहा वर्षांची लेक अजून वांगीच म्हणते.

शहादा, आजोबा
‘सगळ्या म्हशी उडतात. चंद्री म्हैस आहे. ती उडेल का?’ नातू चिडला, म्हशी कुठं उडतात! तेच ‘एका दूरच्या ग्रहावर’ म्हणून सांगितलं, तर लगेच ‘उडेल, ती म्हैस आहे ना’. मारिया डायस आणि पॉल हॅरिस या संशोधकांनी १९८८ मध्ये हेच दाखवलं होतं: खोटंखोटं म्हणून सांगितलं की लहान मुलंही दिलेल्या विधानाला धरून निष्कर्ष काढतात. गोष्टी सांगणं सोडू नका.

धुळे तालुका, अंगणवाडी सेविका
जळगावचे दादा, ‘भाज्या’ऐवजी ‘टोपलीतलं सगळं’ असं विचारून पाहा. आमची काही मुलं तेवढ्यानं थबकली आणि पुन्हा मोजायला बसली.