रात्री वरून रनवे नेमका ओळखायचा कसा?

खिडकीवाला: मंडळी, सिम्युलेटरवर रात्रीचं लँडिंग शिकतोय. मुंबईला सत्तावीस नंबरच्या रनवेवर यायचं म्हणजे घाटकोपर-कुर्ल्यावरून, खाली नुसता दिव्यांचा सडा, त्यात रनवे कुठला तेच कळत नाही आणि जवळ गेलं की निळे हिरवे पिवळे सगळेच रंग. पाठ करायचे का?

वैमानिक_होणार: पाठ करच, जास्त नाहीयेत. रनवेच्या कडेला पांढरे, टॅक्सीवेच्या (विमानं रनवेपर्यंत ये-जा करतात तो रस्ता) कडेला निळे, टॅक्सीवेच्या मधोमध हिरवे. रनवे सुरू होतो तिथे आडवी हिरवी ओळ, संपतो तिथे लाल. मोठ्या रनवेवर शेवटच्या ६०० मीटरला कडेचे दिवे पिवळे होतात, आणि मधली ओळ ९०० मीटर उरले की लाल-पांढरी, शेवटचे ३०० नुसती लाल. म्हणजे लाल दिसायला लागले आणि स्पीड अजून तसाच असेल तर काही खरं नाही.

जुना_खेळाडू: हे सगळं जवळ आल्यावर रे. लांबून निळे दिवे दिसतच नाहीत फारसे, फार मंद असतात. आधी अप्रोच लाइट शोध, रनवेच्या अलीकडे सरळ रेषेत येणारे पांढरे दिवे आणि त्यांना छेदणारी आडवी पट्टी, असा आकार रस्त्यांना नसतो. मग डावीकडे पापीचे, म्हणजे तुझी उतरायची उंची बरोबर आहे का ते सांगणारे चार दिवे, दोन लाल दोन पांढरे म्हणजे बरोबर.

रात्रपाळी: रंग पाठ असून पण गंडतात लोक. जुलै २०१७, सॅन फ्रान्सिस्को, एअर कॅनडा. तिथे शेजारी-शेजारी दोन रनवे, २८ लेफ्ट आणि २८ राइट. २८ लेफ्ट बंद होता, दिवे विझवलेले, पायलटांच्या डोक्यात दोन रनवे, मग २८ राइटलाच लेफ्ट समजले आणि शेजारच्या टॅक्सीवेला राइट. तिथे चार विमानं टेकऑफसाठी उभी! साधारण ६० फुटांवरून गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. आयएलएस (रनवेकडे नेणारा रेडिओ सिग्नल) ट्यून केलेलं नव्हतं, म्हणून बाहेर लख्ख दिसत असलं तरी ते लावूनच ठेव. आपल्याकडे तर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरलं, ते पण सकाळी.

खिडकीवाला: बापरे. बरं, मला पापी कायम चारही पांढरे दिसतात, सेटिंग बिघडलंय का?

जुना_खेळाडू: सेटिंग नाही, तू वर आहेस. उतरायला उशिरा सुरुवात करतोस. आणि चारही लाल झाले तर तू फार खाली आहेस, आधी पॉवर दे, प्रश्न नंतर टाक इथे 😄