एस्पोझितो म्हणजे उघड्यावर ठेवलेलं मूल

एस्पोझितो या इटालियन आडनावाचा संबंध काहीजण 'एक्स्पोझिशन', म्हणजे प्रदर्शनाशी जोडतात. मूळ लॅटिन शब्द त्याच गोतातला, पण इथे अर्थ 'बाहेर ठेवून दिलेला', म्हणजे टाकून दिलेलं मूल. म्हणूनच नेपल्समध्ये हे आडनाव पैशाला पासरी.

तिथल्या आनुन्झियाता अनाथालयाच्या भिंतीत लाकडी फिरतं पिंप होतं. रस्त्यावरून बाळ आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, पलीकडे जोगीण उचलून घेणार; आई कोण, हे कुणी बघायचं नाही. ही सोय 1875मध्ये बंद झाली. त्याआधीच, 19व्या शतकाच्या सुरुवातीला, नेपल्सचा राजा म्युरा याने अशा मुलांना हे आडनाव द्यायला बंदी घातली होती. जन्मभर कपाळावर शिक्का नको, हा विचार मला तरी पटतो.

फ्लॉरेन्सची तऱ्हा निराळी. तिथल्या अनाथालयातली मुलं इन्नोचेंती, म्हणजे निष्पाप. काही आया बाळासोबत अर्धं नाणं ठेवायच्या, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. मिलानमध्ये इस्पितळाच्या चिन्हावर कबुतर, म्हणून मुलं कोलोंबो.

अर्थात आजचा प्रत्येक कोलोंबो अनाथाचाच वंशज असं नाही. कबुतरं पाळणाऱ्यांनाही हे नाव पडायचं.