कॉर्निश-विंडसरचा छपराचा पूल: फोटोवरून जलरंग कसा करू?

कुंचलेवाली आजी:
ऑक्टोबरात लेकीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा हा लाकडी पूल पाहिला. १८६६चा, सुमारे साडेचारशे फूट लांब. खाली कनेक्टिकट नदी, एक टोक न्यू हॅम्पशायरात, दुसरं व्हरमाँटमध्ये. तोंडाशी पाटी: घोडे पळवू नका, चालवतच न्या, नाहीतर दोन डॉलर दंड! मोबाइलच्या वॉटरकलर फिल्टरने फोटोचा पार चिखल केला. जावई म्हणाले, "आई, हा खंडाळ्याचा बोगदा का?" आता हातानेच दोन-तीन शैलींत करायचंय. सुरुवात कुठून करू?

ओला कागद:
फोटो आधी कृष्णधवल करा, डोळे किलकिले करून फक्त तीन छटा (उजळ, मधली, गडद) शोधा. पुलाच्या तोंडातल्या अंधाराला ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, ओलं असतानाच आत थोडा सिएना सोडा.

रेघोटी:
या पुलाची खरी गंमत आत आहे, तिरप्या तुळयांची जाळी. इथिएल टाउन या अमेरिकन वास्तुकाराने १८२०मध्ये पेटंट घेतलेली पद्धत. ती वॉटरप्रूफ शाईने रेखाटून वर पातळ रंग द्या. आतला फोटो आहे का?

कुंचलेवाली आजी:
एकच आहे, गाडीच्या काचेतून काढलेला, वायपरसकट! काल ओल्यावर ओलं (ओल्या कागदावर ओला रंग) करून पाहिलं. नदी झकास उतरली, पण कागद पापडासारखा फुगला (स्वस्तातला, चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाचा, म्हणजे पातळ). उद्या तीनशेचा आणते. बाहेरच्या जुन्या फळ्या मात्र कोरड्या ब्रशनेच.