फ्लॅटच्या टेरेसवर बाग: स्लॅब किती खाली घ्यावा?

प्रश्न (लातूर): पाच मजली इमारत, प्रत्येक फ्लॅटला पश्चिमेकडे 10 बाय 6 फुटांचा टेरेस. कठड्यालगत दीड फूट खोल मातीचा वाफा हवा. स्लॅब 150 मिमी खाली घेऊन भागेल का?

उत्तर १: आधी वजन बघा. दीड फूट ओली काळी माती म्हणजे चौरस मीटरला जवळपास 800 किलो; बाल्कनीचा चलभार (माणसं, सामान यांचं वजन) सहसा 300 किलोच धरतात. वाफा कॅन्टिलिव्हरच्या (आधाराशिवाय बाहेर निघालेल्या स्लॅबच्या) टोकाला नको, बीमवर आणा, आणि आरसीसीवाल्याला (स्ट्रक्चरल इंजिनिअरला) हा भार आत्ताच सांगा. काळी माती तर नकोच. फुगते, निचरा होत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके खनिज दाणे), शेणखत घ्या. फुलझाडांना एक फूट पुरे.

उत्तर २: खाली घेतलेल्या स्लॅबपेक्षा गळतीचं बघा. 1:100 उतार, कोपऱ्यांना गोलवा, वॉटरप्रूफिंग मातीच्या वर 150 मिमीपर्यंत चढवलेलं. 72 तास पाणी तुंबवून खालचं छत तपासा, मगच मुळं अडवणारी एचडीपीई (जाड प्लास्टिकची) शीट, खडी, जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड), माती. निचऱ्याच्या पाइपाचं तोंड मातीत गाडलं की संपलं. त्यावर उघडता येणारी जाळी हवीच. बहुतेक गळती तिथूनच.

उत्तर ३: पाण्याचं काय? 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, विसरू नका दादा! एसीचं पाणी वाफ्यात सोडा, आरओ फिल्टरचं वाया जाणारं खारट पाणी नको. बोअरच्या क्षारांनी ठिबकचे ड्रिपर बुजतात. पश्चिमेच्या उन्हाला बोगनवेल, कोरफड, अडुळसा टिकतात. पिंपळाचं रोप दिसताक्षणी उपटा.